बांधकाम व्यवस्थापन शिक्षणातील विद्यापीठ-उद्योग भागीदारी

बांधकाम व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्था आणि बांधकाम कंपन्या यांनी मिळून अभ्यासक्रम आखणे, विद्यार्थ्यांना साइटवर कामाला लावणे, मुरलेल्या अभियंत्यांना वर्गात आणणे आणि संशोधनाचा खर्च वाटून घेणे, असे या भागीदारीचे स्वरूप असते. या विषयाला तिची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. प्रत्येक प्रकल्पात जमीन, ठेकेदार, करार आणि मजूर नवे असतात. उशीर का होतो आणि पैसे कुठे अडकतात, हे प्रत्यक्ष कामाजवळ राहूनच कळते.

एक आठवडा वर्गात आणि एक आठवडा कामावर, ही पद्धत हर्मन श्नायडर या स्थापत्य अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांनी १९०६ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात २७ विद्यार्थ्यांसह सुरू केली. पुढे १९८३ मध्ये टेक्सास विद्यापीठात (ऑस्टिन) कन्स्ट्रक्शन इंडस्ट्री इन्स्टिट्यूट उभी राहिली. प्रकल्पांचे मालक आणि ठेकेदार असे दोघेही तिचे सभासद झाले आणि संशोधनाचे विषय त्यांच्या अडचणींमधून निघू लागले.

भारतात त्याच वर्षी बांधकाम कंपन्यांच्या पुढाकाराने ‘निकमार’ ही बांधकाम व्यवस्थापन शिकवणारी संस्था स्थापन झाली. पुण्यात बालेवाडीला तिचे मोठे संकुल असून आता तिला विद्यापीठाचा दर्जा आहे. दुसरा नमुना लार्सन अँड टुब्रोचा. ‘बिल्ड इंडिया’ शिष्यवृत्तीखाली ही कंपनी निवडलेल्या पदवीधरांना मद्रास व दिल्ली आयआयटी आणि काही एनआयटींमध्ये बांधकाम तंत्रज्ञान व व्यवस्थापनाच्या एम.टेक.साठी पाठवते, शुल्क व विद्यावेतन देते आणि नंतर नोकरीत घेते. दोन्ही नमुन्यांत फरक आहे. पहिल्यात अनेक कंपन्यांनी मिळून संस्था उभारली, तर दुसऱ्यात एका कंपनीने प्रस्थापित संस्थेत स्वतःची वाट काढली. दुसऱ्या वाटेने गेलेल्याला नोकरीची चिंता राहत नाही, पण त्याचे अनुभवविश्व एकाच कंपनीच्या पद्धतींपुरते राहण्याचा धोका असतो.

भागीदारीची खरी कसोटी मात्र कागदपत्रांपाशी लागते. सरकारी कामांवर ‘हिंड्रन्स रजिस्टर’ ठेवले जाते. अडथळा काय होता, तो कोणत्या तारखेला आला आणि कधी दूर झाला, याची त्यात नोंद असते. समजा, नकाशा मिळायला २० दिवस लागले आणि त्यातल्याच ८ दिवसांत जागेवरची विजेची तार हलवायची राहिली होती. तर अडथळ्याचे दिवस २८ धरत नाहीत, २०च धरतात. एकमेकांवर आलेले ८ दिवस वजा होतात. मुदतवाढ मिळणार की दंड लागणार, हे बऱ्याच अंशी अशा नोंदींवर ठरते. कोणत्याही क्रमिक पुस्तकातले बार चार्टचे (कामांचे वेळापत्रक आडव्या पट्ट्यांनी दाखवणाऱ्या तक्त्याचे) गणित इतके शिकवत नाही. मोजमाप पुस्तक (झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही), रनिंग बिले (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने सादर होणारी बिले) आणि रोजचा प्रगती अहवाल यांचेही तसेच.

आणि नेमके हेच कागद कंपन्या दाखवायला कचरतात. वाद लवादापुढे असेल तर एक नोंदही महाग पडू शकते. म्हणून चांगल्या सामंजस्य करारात गोपनीयतेची कलमे स्पष्ट लिहितात: प्रकल्पाचे व पक्षांचे नाव झाकायचे, दर काढून टाकायचे, प्रबंध छापण्याआधी कंपनीला वाचायला द्यायचा. ही कलमे नसलेले करार बहुधा सह्यांच्या फोटोपुरते उरतात. मग विद्यार्थी उन्हाळ्यात साइट ऑफिसात बसून एक्सेलचे तक्ते भरतो आणि प्रमाणपत्र घेऊन परततो.

धोरणाच्या पातळीवर दारे थोडी उघडली आहेत. एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात इंटर्नशिपला श्रेयांक (क्रेडिट) मिळाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची तरतूद केली. त्यामुळे किमान १५ वर्षांचा अनुभव असलेल्या व्यक्तीला पीएच.डी. नसतानाही शिकवता येते. अशा नेमणुका मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंतच करता येतात. मेट्रोचे बोगदे खणलेल्या किंवा धरणाचे काँक्रीट ओतून घेतलेल्या अभियंत्याला वर्गात आणायला पूर्वी पदवीची अट आड येत असे. आता मुख्य अडचण वेळेची आहे, कारण असे लोक ऐन हंगामात साइट सोडू शकत नाहीत आणि महाविद्यालयाचे वेळापत्रक त्यांच्या सवडीने बांधलेले नसते.