मुलाखतीत येणारं उत्तर अडतं कुठे?

१९९३ साली जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठाच्या संशोधकांनी माणसाला हमखास ताण देणारी एक चाचणी तयार केली. त्यासाठी त्यांनी निवडली नोकरीची मुलाखत. तयारीला १० मिनिटं, मग ५ मिनिटं ‘या जागेसाठी मीच का योग्य’ हे बोलायचं आणि पुढची ५ मिनिटं १०२२ मधून १३-१३ वजा करत जायचं. चुकलं की पुन्हा १०२२ पासून. समोरच्यांनी हसायचं नाही, मानही डोलवायची नाही. लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक, दुप्पट ते चौपट झालं.

कॉर्टिसॉल वाढलं की साठवलेली माहिती ऐन वेळी वर काढणं जड जातं. म्हणून मुलाखतीनंतर रिक्षात बसल्यावर उत्तर आठवलं, तर ‘मला येतच नव्हतं’ असं मुळीच समजू नका. माहीत नसणं आणि ऐन वेळी न आठवणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे.

त्याच संध्याकाळी, आठवण ताजी असताना, विचारलेले सगळे प्रश्न क्रमाने लिहून काढा. प्रत्येकापुढे ‘माहीत नव्हतं’ किंवा ‘अडकलं’ अशी खूण करा. अकाउंट्सच्या मुलाखतीत ‘जीएसटीआर-२बी आणि ३बी (जीएसटीची दोन विवरणपत्रं) यांत फरक काय?’ विचारलं आणि गाडी अडली, असं समजा. माहीतच नसेल तर सरळ अभ्यास. अडकलं असेल तर पुस्तक उघडू नका. पुन्हा वाचल्यावर येतंय असं वाटतं, आणि तिथेच फसगत होते. फोनवर रेकॉर्डिंग लावून मोठ्याने सांगा: २बीत पुरवठादारांच्या विवरणपत्रांवरून मिळू शकणारं इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) आपोआप दिसतं, ३बी आपण भरायचं, कर त्यावर भरायचा. कुठे अडखळलात ते ऐका, तेवढंच तपासा. ३ दिवसांनी आणि आठवड्याने पुन्हा, न बघता.

मग घरातल्या दोघांना समोर बसवा. त्यांना विषय कळायची गरज नाही; चेहरा कोरा ठेवून प्रश्न वाचले की झालं. आई मान डोलवणारच, तिला आधी बजावा.

ट्रिअरची ती चाचणी २० पुरुषांवर सलग ५ दिवस झाली, तेव्हा बहुतेकांचं कॉर्टिसॉल दुसऱ्याच दिवशी उतरलं. काहींचं मात्र पाचही दिवस चाचणीच्या वेळी चढलंच. तुमचीही धडधड दोन-तीन सरावांत कमी होत नसेल, तर सुरुवातीच्या दोन उत्तरांची पहिली वाक्यं तोंडपाठ करून जा, आणि पुढे कुठे अडलंच तर ‘एक मिनिट विचार करून सांगते’ हे वाक्यही.