गुहेच्या नकाशातलं ‘फॉर्मेशन’

नागपुरात भूशास्त्र शिकलेल्याला ‘फॉर्मेशन’ म्हटलं की लमेटा आठवतो. दख्खनच्या बेसाल्टखालचा, वरोऱ्याजवळ पिसदुऱ्याला डायनासोरची हाडं देणारा तो शैलसमूह. बस्तरची कुटुमसर गुहा पाहून आलेला ट्रेकर मात्र त्याच शब्दाने छताला लोंबणारा सुळका दाखवतो. दोघं एकाच नकाशावर वाकले की घोळ ठरलेला.

हा घोळ नागपूरचा नाही आणि आजचाही नाही. तो मिटवायला १९५२ मध्ये एका अमेरिकन भूशास्त्रज्ञाने ग्रीक शब्दांवरून ‘स्पेलिओथेम’ घडवला. अर्थ साधा, गुहेत साचलेली ठेव. शोधनिबंधांनी तो उचलला, पण गुहेत उतरणाऱ्यांच्या तोंडी ‘फॉर्मेशन’च राहिलं. मराठीत आणखी तिसरीच गंमत. शाळेच्या पुस्तकातला ‘लवणस्तंभ’ पोरांना मिठाचा वाटतो. असतो तो कॅल्शियम कार्बोनेटचा. त्यापुढची अधोमुखी आणि ऊर्ध्वमुखी ही विशेषणं मात्र चोख. ती दिशा सांगतात, आणि नकाशातलं चिन्हही नेमकं तेवढंच सांगतं.

चिन्हं आधी देशागणिक निराळी होती. १९६५ मध्ये आजच्या स्लोव्हेनियातल्या पोस्तोयनाला गुहा अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तरी आज चालते ती चिन्हांची यादी पक्की व्हायला १९९९ उजाडलं, तीही देशोदेशीच्या प्रतिनिधींची मतं घेऊन. वरच्या टोकाला फाटा असलेली काडी म्हणजे अधोमुखी स्तंभ, तीच उलटी केली की ऊर्ध्वमुखी, दोन्ही जुळल्या की खांब. आता आराखडा वरून पाहिलेला आणि हे चिन्ह बाजूने, हे तर्काला खटकतं. पण चिखलाने माखलेल्या हातांनी, ओल्या कागदावर तीन रेघांत काढता येतं ते हेच. माझ्या मते मतदारांनी शहाणपण केलं.

खडकाच्या वाट्याला मात्र कमी चिन्हं आली. वाळूला ठिपके, कोसळलेल्या शिळांना बाह्यरेषा, आणि मूळ खडक म्हणजे भिंतीची जाड रेघ. लमेटावाल्याचं ‘फॉर्मेशन’ सहसा उमटतच नाही.

मेघालयात १९९२ पासून गुहा मोजण्याच्या मोठ्या मोहिमा सुरू झाल्या. तिथली क्रेम लियात प्राह ही गुहा ३० किलोमीटरपलीकडे मोजली गेली. एवढं हाताने कोण रेखाटणार? गुहांचे नकाशे काढणाऱ्या ‘थेरिअन’सारख्या संगणक प्रणालीत ‘स्टॅलॅक्टाइट’, म्हणजे अधोमुखी स्तंभ, एवढंच टाइप करायचं. आंतरराष्ट्रीय, ऑस्ट्रेलियन की अमेरिकन, चिन्हांचा जो संच निवडाल त्याची खूण उमटते. १९९९ ला मतं घेऊन ठरवलेलं आता एका ओळीत बदलतं.