बेने इस्रायल आणि इस्रायलचे नागरिकत्व

बेने इस्रायल हा कोकणातला मराठीभाषक ज्यू समाज. १९४८ नंतर त्याचा मोठा भाग इस्रायलमध्ये जाऊन स्थायिक झाला. स्थलांतरिताला नागरिकत्व देणे वेगळे आणि त्याला आपला मानणे वेगळे, हे या समाजाच्या तिथल्या पहिल्या पंधरा वर्षांत फार ठळकपणे दिसते. नागरिकत्वासाठी त्यांना अर्जविनंत्या कराव्या लागल्या नाहीत. आपण सर्वार्थाने ज्यू आहोत, हे राज्याकडून वदवून घ्यायला मात्र १९६४ साल उजाडले, आणि तेही रस्त्यावर उतरल्यावर.

समाजाच्या परंपरेप्रमाणे त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गावांत हे लोक तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारपाजारचे त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर ही आडनावे गावांवरून पडली. इंग्रजी अमदानीत बरेच जण मुंबईला आले आणि सैन्यात, रेल्वेत, सरकारी कचेऱ्यांत, शाळांत नोकरीला लागले. बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तने होत. मुंबईचे महापौरपदही या समाजातल्या डॉ. एलिजा मोझेस यांनी १९३७ मध्ये भूषविले. ज्यू म्हणून छळ झाल्याची आठवण या समाजाकडे नाही, आणि हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढची कथा नीट कळत नाही. युरोपातून किंवा अरब देशांतून आलेले अनेक ज्यू जीव वाचवून आले होते. हे लोक स्वखुशीने गेले. धर्मश्रद्धा, ज्यूंच्या राष्ट्राचे आकर्षण, इंग्रज गेल्यावर नोकऱ्यांचे काय होणार ही धास्ती आणि आधी गेलेल्या नातलगांची ओढ, अशी कारणे एकात एक मिसळली होती. १९४०च्या दशकाअखेरीस भारतात त्यांची संख्या सुमारे २०,००० होती.

इस्रायलच्या संसदेने ५ जुलै १९५० रोजी ‘परतीचा कायदा’ संमत केला. जगातल्या कोणत्याही ज्यूला इस्रायलमध्ये येऊन वसण्याचा हक्क त्याने दिला, आणि १९५२च्या नागरिकत्व कायद्याने अशा स्थलांतरिताला आपोआप नागरिक मानले. भाषेची परीक्षा नाही, ठरावीक वर्षांच्या वास्तव्याची अटही नाही. ज्यू नसलेल्यांसाठी याच देशात नियम वेगळे होते: १९४८ नंतर तिथेच राहिलेल्या अरबांना वास्तव्याचे निकष पूर्ण करून नागरिकत्व मिळाले, बाहेर गेलेल्या पॅलेस्टिनी निर्वासितांना परतीचा हक्क मिळाला नाही. इस्रायलमध्ये नागरिकत्व आणि राष्ट्रीयत्व (म्हणजे ज्यू, अरब अशी ओळख) या सरकारी दप्तरातही दोन निराळ्या नोंदी आहेत. ‘इस्रायली’ अशी राष्ट्रीयत्वाची नोंद करून मिळावी, ही मागणी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अमान्य केली. म्हणजे देशाचा नागरिक असणे पुरेसे नाही, राष्ट्राचा घटक कोण याचा निवाडा वेगळा होतो. बेने इस्रायल नेमके याच फटीत सापडले.

नव्याने आलेल्यांना सरकार देशाच्या दूरच्या भागांत वसवीत असे. बीरशेबा, दिमोना, येरुहाम ही वाळवंटी नेगेवमधली गावे, शिवाय अश्दोद, लोद, रामले इथे मराठी वस्त्या झाल्या. मुंबईत कारकुनी केलेल्या माणसाला तिथे बांधकामावर, रस्त्याच्या कामावर किंवा कापडगिरणीत उभे राहावे लागले. हिब्रू प्रार्थनेपुरती ठाऊक होती, बोलता येत नव्हती. त्यातच सावळ्या रंगावरून वागणूक बदलते, असा अनुभव अनेकांना आला. वर्णभेदाची तक्रार करून ‘आम्हाला भारतात परत पाठवा’ अशी मागणी शंभरहून अधिक जणांनी लावून धरली. १९५१-५२ मध्ये त्यांनी तेल अवीवला धरणे धरले आणि त्यांतले बहुतेक खरोखरच विमानाने परत आले. भारतात आल्यावर त्यांपैकी अनेकांना पुन्हा इस्रायलला जावेसे वाटले. यावरून त्यांना चंचल ठरवणे अन्यायाचे आहे. त्यांची तक्रार देशाबद्दल नव्हती, देशाने दिलेल्या वागणुकीबद्दल होती.

खरा वाद पेटला लग्नांवरून. इस्रायलमध्ये नागरी विवाहाची सोय नाही; १९५३च्या कायद्याने ज्यूंचे विवाह आणि घटस्फोट धर्मपीठाच्या, म्हणजे रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) न्यायालयांच्या अधिकारात गेले. त्यामुळे गृहखात्याने ज्यू मानलेल्या माणसाबद्दलही रब्बी शंका घेऊ शकत. काही रब्बी बेने इस्रायल मुलामुलींची इतर ज्यूंशी लग्ने लावायला नकार देऊ लागले. त्यांची अडचण शास्त्राची होती. पहिल्या नवऱ्याकडून धर्मशास्त्राप्रमाणे घटस्फोटपत्र न घेता स्त्रीने दुसरे लग्न केले, तर त्या लग्नातल्या मुलांना इतर ज्यूंशी विवाह करता येत नाही आणि हा दोष पिढ्यान्‌पिढ्या चालतो. कोकणात शेकडो वर्षे रब्बी नव्हते. तेव्हा जुने घटस्फोट शास्त्रोक्त झाले असतील कशावरून, असा त्यांचा प्रश्न होता. अन्य धर्मीयांशी संबंध आले असतील, हीही शंका होतीच.

ऑक्टोबर १९६१ मध्ये मुख्य धर्मपीठाने बेने इस्रायलांशी विवाहाला तत्त्वतः मान्यता दिली. पण १९६२च्या आरंभी मुख्य रब्बी यित्झाक निसीम यांनी विवाहनोंदणी करणाऱ्यांसाठी जे आदेश काढले, त्यांनी ती मान्यता जवळजवळ फिरवली. वधू किंवा वर बेने इस्रायल असेल तर तिच्या किंवा त्याच्या आईची, आजीची आणि त्यामागे जमेल तितक्या पिढ्यांची चौकशी करावी, कुठे घटस्फोट वा परधर्मीय संबंध आढळतो का ते पाहावे, शंका आल्यास प्रकरण धर्मन्यायालयाकडे पाठवावे, असे त्यात होते. पेण-पनवेलच्या खेड्यांत गेलेल्या आजी-पणजीच्या लग्नाचे कागद अश्दोदच्या तरुणाने आणायचे कुठून? शिवाय पोलंड, मोरोक्को किंवा इराकहून आलेल्यांसाठी असा सरसकट आदेश नव्हता. समाजाचे नाव घेऊन काढलेला आदेश हाच मुळात अपमान होता, आणि समाजाने तो अपमान म्हणूनच घेतला.

दोन वर्षे निवेदने, शिष्टमंडळे, सभा चालल्या. १९६४च्या उन्हाळ्यात गावोगावचे बेने इस्रायल बायकामुलांसह जेरुसलेमला धरणे धरून बसले. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारला दखल घ्यावी लागली. १७ ऑगस्ट १९६४ रोजी संसदेचे खास अधिवेशन भरले. बेने इस्रायल हे सर्व बाबतींत ज्यू आहेत, वैयक्तिक कायद्यासह कोणत्याच बाबतीत त्यांच्यात आणि इतर ज्यूंत फरक नाही, अशी भूमिका तिथे जाहीर झाली. महिनाअखेर धर्मपीठाने आदेशातून समाजाचे नाव काढले आणि ज्यांच्या कुळाविषयी शंका असेल अशा कोणाचीही चौकशी करावी, असा मोघम मजकूर घातला. तडजोड अर्धवटच होती, कारण शंका घेण्याचा अधिकार रब्बींच्याच हाती राहिला. तरी एका छोट्या, गरीब, सत्तेत कोणी वाली नसलेल्या समाजाने धर्मपीठाला मागे हटवले, ही मोठी गोष्ट होती. इथिओपियातून आलेल्या ज्यूंनाही पुढे १९८५ मध्ये अशाच कारणासाठी जेरुसलेममध्ये धरणे धरावे लागले.

त्यानंतरचे सात्मीकरण शाळा, सक्तीची लष्करी सेवा आणि इतर ज्यूंशी विवाह यांतून होत गेले. पुढच्या पिढ्यांची बोलभाषा हिब्रू झाली. विधी मात्र टिकले, काही तर अधिक ठसठशीत झाले. मलिदा हे त्याचे उत्तम उदाहरण. लग्न, सुंता, नवे घर किंवा फेडलेला नवस अशा प्रसंगी भिजवलेल्या पोह्यांत ओले खोबरे, साखर, वेलची आणि सुका मेवा कालवतात, भोवती फळे मांडतात आणि एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याची आळवणी करतात. कोकणात अलिबागजवळच्या खंडाळ्याचा खडक एलियाहूच्या रथाच्या खुणांसाठी प्रसिद्ध आहे. इस्रायलमध्ये त्याची जागा हायफातल्या कार्मेल डोंगरावरील एलियाहूच्या गुहेने घेतली. लग्नाआधी मेंदी लावतात, काही घरांत मंगळसूत्रही घालतात. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक १९८०च्या दशकापासून तिथून निघत आले आहे. इस्रायलमधले क्रिकेट तर बरेचसे भारतीय ज्यूंनीच जिवंत ठेवले. हे सगळे सोडून द्यावे आणि एकसाची इस्रायली व्हावे, अशी पहिल्या दशकांतल्या राज्यकर्त्यांची अपेक्षा होती. ती फोल ठरली हे बरे झाले.

भारतीय दूतावासाच्या अंदाजाने इस्रायलमध्ये भारतीय वंशाचे सुमारे ८५,००० ज्यू आहेत. त्यांत बेने इस्रायल बहुसंख्य असून कोचीनचे आणि बगदादी ज्यू थोडे आहेत. इस्रायल स्थलांतरिताला मूळ नागरिकत्व सोडायला लावत नाही. भारताला मात्र दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार, स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे संपते. आता मुंबईत किंवा अलिबागला वडिलोपार्जित घर पाहायला येणारे अनेक जण परदेशस्थ भारतीय नागरिकाच्या, म्हणजे ओसीआय कार्डावर येतात. त्याने आजीवन व्हिसा मिळतो, मतदानाचा हक्क आणि शेतजमीन विकत घेण्याचा अधिकार मिळत नाही. मागे राहिलेला समाज काही हजारांवर आला असून तो मुख्यतः मुंबई, ठाणे, पुणे आणि रायगडमध्ये आहे. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला.