मुंबईत निर्णयाआधी ऐकून घेण्याची रीत कशी घडली

सोसायटीची कमिटी असो, महापालिका असो की एखादी कंपनी, मोठा निर्णय जाहीर करताना ‘सर्वांना विचारूनच केले’ असे सांगितले जाते. तेव्हा विचारण्याचा खरा प्रश्न असा की, कधी विचारले? नकाशा, दर आणि बिल्डर ठरण्याआधी की ठरल्यानंतर? मुंबईचा गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांचा अनुभव सांगतो की, निर्णयाचा दर्जा बराचसा या एका प्रश्नावर ठरतो.

सुरुवात गिरण्यांपासून करता येते. 1881 चा पहिला कारखाना कायदा प्रामुख्याने लहान मुलांच्या कामाविषयी होता. प्रौढ कामगारांच्या साप्ताहिक सुट्टीचे त्यात नावही नव्हते. 1884 मध्ये सरकारने चौकशी आयोग नेमला, तेव्हा ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे 5,500 सह्यांचे निवेदन आयोगापुढे ठेवले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागच्या महिन्याचा पगार 15 तारखेपर्यंत आणि अपघातात भरपाई, अशा त्या मागण्या होत्या. पगाराची तारीख किंवा दुपारची अर्ध्या तासाची सुटी हे बारकावे साच्यावर, म्हणजे मागावर, उभ्या असणाऱ्या माणसालाच सुचतात. 1890 च्या मोठ्या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली आणि त्याच वर्षी 10 जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

पदपथावर राहणाऱ्यांचे ऐकून घेणे हाही त्यांचा अधिकार आहे, हे न्यायालयाच्या भाषेत यायला मात्र 1985 साल उजाडले. महापालिका अधिनियमाच्या कलम 314 नुसार आयुक्तांना पदपथावरील अतिक्रमण नोटीस न देता हटवता येते. पदपथवासीयांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने हे कलम रद्द केले नाही. मात्र ज्याच्यावर कारवाई होणार त्याचे म्हणणे ऐकणे हाच नियम आणि न ऐकणे हा अपवाद, असे स्पष्ट केले. झोपड्या राहिल्या नाहीत, तत्त्व राहिले.

त्याच वर्षी भायखळा परिसरात ‘स्पार्क’ या संस्थेने पदपथवासीयांचीच मदत घेऊन त्यांची गणती केली. पुढे ‘महिला मिलन’ आणि जोकिन अर्पुथम यांच्या झोपडपट्टीवासीयांच्या राष्ट्रीय महासंघासोबत या पद्धतीला आकार आला. प्रत्येक दारावर नंबर, वस्तीचा हाताने काढलेला नकाशा, घरटी माहिती आणि मग ती यादी वस्तीतच सर्वांसमोर तपासायची. कोण वगळले गेले, कोणाचे नाव दोनदा आले, हे शेजारीण ताबडतोब सांगते. बाहेरच्या सर्व्हेअरला ते महिनोन्महिने कळत नाही. घराचा आराखडाही बायकांनी आधी खऱ्या मापात उभा करून पाहिला. माळा बसावा म्हणून 14 फूट उंची त्यांनीच मागितली. पुढे रेल्वेमार्गालगतच्या हजारो कुटुंबांचे पुनर्वसन करताना हेच काम कामी आले.

या सगळ्याचा उलटा धडा शहराने 2015 मध्ये घेतला. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 मध्ये विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवण्याची (कलम 26) आणि नियोजन समितीपुढे सुनावणीची (कलम 28) तरतूद आहे. समितीत नियोजन प्राधिकरणाचे तीन सदस्य आणि जास्तीत जास्त चार नियुक्त सदस्य. कागदावर हे चांगलेच आहे. अडचण अशी की ही पायरी आराखडा पूर्ण झाल्यावर येते. 2034 पर्यंतच्या आराखड्याचा पहिला मसुदा फेब्रुवारी 2015 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा हरकतींसाठी 60 दिवस होते. लोकांनी आपापल्या गल्लीचे पान उघडले आणि चुकांचा ढीग लागला. उभ्या इमारतींमधून रस्ते, वारसा वास्तूंची चुकलेली नोंद, गावठाणे आणि कोळीवाड्यांची अपुरी नोंद, त्यात स्थानकांजवळ 8 पर्यंत एफएसआयचा (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल, त्या प्रमाणाचा) प्रस्ताव. हजारो हरकती आल्या आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा दुरुस्तीसाठी मागे घ्यायला लावला.

या चुका नियोजनकारांच्या अज्ञानातून आल्या असे मला वाटत नाही. मूळ जमीनवापर पाहणीच सदोष होती आणि तिची पडताळणी त्या त्या वॉर्डातल्या माणसांकडून पुरेशी झाली नव्हती. दुरुस्तीच्या वेळी निवृत्त सनदी अधिकारी रामनाथ झा यांच्याकडे काम आले आणि क्रम बदलला: आधी वॉर्डनिहाय नकाशांची पत्रके तपासायची, लोकांसमोर ठेवायची, मगच मसुदा. सुधारित मसुदा मे 2016 मध्ये आला. त्यावरही हजारो हरकती आल्या, सुनावण्या चालल्या आणि मंजुरी मे 2018 मध्ये मिळाली. पहिल्या पायरीवर वाचवलेल्या वेळेची किंमत अशी तीन वर्षांनी मोजावी लागली.

आज मुंबईकराच्या सर्वांत जवळ हा प्रश्न येतो तो सोसायटीच्या पुनर्विकासात. सभासदांना विश्वासात न घेणे, टेंडरमध्ये पारदर्शकता नसणे, अशा तक्रारी सहकार खात्याकडे साचल्या होत्या. म्हणून सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 79(अ) खाली 3 जानेवारी 2009 रोजी कार्यपद्धती आली आणि 4 जुलै 2019 रोजी ती सुधारली गेली. सुधारित पद्धतीत 1/5 सभासदांनी मागणी केली की कमिटीने विशेष सर्वसाधारण सभा बोलवायची, 14 दिवसांची नोटीस द्यायची. गणसंख्या 2/3, निर्णयासाठी एकूण सभासदांपैकी 51 टक्के. बिल्डर निवडीच्या सभेला सहकार खात्याच्या निबंधकांचा प्रतिनिधी हवा आणि सभेचे चित्रीकरण हवे. उच्च न्यायालयाने काही निकालांत ही पद्धती बंधनकारक नसून मार्गदर्शक असल्याचे म्हटले आहे, त्यामुळे तिचा उपयोग कमिटीच्या हेतूवर बराच अवलंबून राहतो.

या पद्धतीतला सर्वांत मोलाचा आणि सर्वांत उरकला जाणारा टप्पा म्हणजे प्रकल्प अहवालावरची संयुक्त सभा. पीएमसीने (सोसायटीने नेमलेल्या प्रकल्प व्यवस्थापन सल्लागाराने) अहवाल दिला की तो सोसायटीच्या ऑफिसात ठेवायचा, सभासदांनी सभेआधी लेखी सूचना द्यायच्या, त्यावर पीएमसीचे मत घ्यायचे आणि मग टेंडरचा मसुदा पक्का करायचा. प्रत्यक्षात इंग्रजीतला जाडजूड अहवाल सभेच्या आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर येतो. सभा चेअरमन-सेक्रेटरी आणि दोन-तीन बोलक्या सभासदांत संपते. तळमजल्यावरचे दुकानदार, एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ महिला, घर भाड्याने देऊन बाहेर गेलेले सभासद यांचे काही ऐकूच येत नाही. कार्पेट एरिया आणि कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम) यांवर तासभर भांडण होते. भाड्याचे धनादेश किती महिन्यांचे आगाऊ, बांधकाम लांबले तर काय, व्हीलचेअर लिफ्टमध्ये मावेल का, हे राहून जाते.

जिथे हे नीट होते तिथे काम साधे असते. अहवालाचा चार पानी मराठी सारांश किमान 15 दिवस आधी हातात, मजल्यानुसार छोट्या बैठका, चेअरमनने आपले मत सर्वांत शेवटी मांडणे. मग एक तक्ता: सूचना, स्वीकारली की नाकारली, कारण. नाकारलेल्या सूचनेचे कारण लिहावे लागले की पीएमसीलाही आकडे पुन्हा तपासावे लागतात. हा तक्ता इतिवृत्ताला जोडून प्रत्येक सभासदाला द्यावा आणि स्वीकारलेल्या सूचना टेंडरच्या अटींत शब्दशः उतराव्यात. तसे न केल्यास तोच प्रश्न करारनाम्यावर सह्या करताना परत उभा राहतो आणि तोवर बिल्डरने दर त्या अटीशिवाय भरलेला असतो.