अनशापोटी व्यायाम

रात्रीच्या जेवणानंतर आठ-दहा तास काही न खाता पहाटे केलेला व्यायाम. ‘अनशापोटी’ हा शब्द मराठीत औषधाच्या संदर्भात अधिक रुळलेला आहे. तालीम, योगवर्ग आणि टेकडीवरचा सकाळचा फेरफटका यांबाबतही तो वापरतात. व्यायामाआधी काही खावे की नाही, यावर ठाम मत नसलेला माणूस टेकडीवर सहसा भेटत नाही. प्रत्यक्षात याचे उत्तर व्यायाम किती वेळ आणि किती जोराचा, यावर ठरते. आदल्या रात्री पोटात काय गेले होते, हेही त्याच्याइतकेच महत्त्वाचे असते आणि नेमके तेच विचारायचे राहून जाते.

परंपरा : आयुर्वेदाच्या ग्रंथांत दोन्ही टोके सापडतात. चरकसंहितेच्या प्रचलित पाठात व्यायाम टाळावा अशांच्या यादीत भुकेलेले आणि तहानलेले येतात, तर सुश्रुतसंहितेच्या यादीत ‘भुक्तवान्’, म्हणजे नुकताच जेवलेला माणूस येतो. वाग्भटाने अष्टाङ्गहृदयात अजीर्ण झालेल्याला व्यायाम वर्ज्य सांगितला असून बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्यानेही अर्ध्या शक्तीनेच तो करावा, असे म्हटले आहे. तिन्ही वचने एकत्र वाचली की आदले जेवण पचलेले असावे, पण पोटात भुकेचा आगडोंब उसळलेला नसावा, असा मधला मार्ग दिसतो. ‘आपल्याकडे व्यायाम अनशापोटीच करायचा असतो’ असे सांगणारे चरकाचे वचन सोयीस्करपणे विसरतात.

कोल्हापूरच्या तालमींतील शिस्त याहून सोपी आहे: आधी मेहनत, मग खुराक. पहाटे अंधार असतानाच पैलवान उठतात. जोर, बैठका आणि लाल मातीतील लढती होईपर्यंत पोटात पाण्याखेरीज फारसे काही जात नाही. मेहनत संपली की बदाम, खसखस, मगज, बडीशेप आणि मिरे कुंडीत घोटून केलेली थंडाई येते. शहरातल्या दूधकट्ट्यांवर समोर पिळलेले म्हशीचे धारोष्ण दूधही मिळते. मात्र या अनशापोटीमागे आदल्या संध्याकाळचा तूप, चपात्या, मटण आणि दूध असा भरभक्कम खुराक असतो. रात्री फक्त सूप पिऊन झोपलेल्या नोकरदाराने पैलवानाची पहाट तेवढी उचलली आणि रात्र सोडून दिली, तर दहाव्या सूर्यनमस्काराला डोळ्यांपुढे काजवे चमकले तरी नवल नाही.

शरीरातील साठा : रात्री साडेनऊला जेवून सकाळी सहाला बाहेर पडणाऱ्या माणसाचे जठर रिकामे असते, पण शरीरात इंधन भरपूर असते. पिष्टमय पदार्थांपासून तयार झालेले ग्लुकोज ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत साठते. चांगले जेवलेल्या प्रौढ माणसाच्या यकृतात ते साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंत ३०० ते ५०० ग्रॅम असते. मेंदूला झोपेतही ग्लुकोज लागतेच. ही गरज दिवसाला सुमारे १२० ग्रॅम, म्हणजे तासाला ५ ग्रॅम असते आणि रात्रभर ती मुख्यतः यकृत भागवते. त्यामुळे पहाटेपर्यंत यकृतातील कोठी निम्म्याच्या आसपास येते. स्नायूंतील साठा मात्र जवळजवळ तसाच राहतो. ग्लायकोजेनपासून सुटे ग्लुकोज करून ते रक्तात सोडण्यासाठी लागणारे विकर यकृतात असते, स्नायूंत नसते. म्हणून मांडीने साठवलेले इंधन मांडीच्याच कामी येते.

६५ किलो वजनाचा माणूस तासभर झपझप चालला, तर साधारण २२५ ते २७५ किलोकॅलरी खर्च होतात. स्नायूंतील ४०० ग्रॅम ग्लायकोजेनमध्येच सुमारे १,६०० किलोकॅलरी असतात. चरबीचा साठा तर कितीतरी मोठा असतो. ६० किलोच्या सडपातळ माणसाच्या अंगावर १५ टक्के, म्हणजे ९ किलो चरबी धरली, तरी तो हिशेब ७०,००० किलोकॅलरींच्या आसपास जातो. तेव्हा पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढण्यापूर्वी ‘ताकद राहावी म्हणून’ पोळी खाण्याची गरज धडधाकट माणसाला नसते. तरीही कोणाला चक्कर येत असेल, तर कारण बरेचदा पाण्याची कमतरता, अपुरी झोप, रक्तक्षय किंवा रात्रीचे चुकवलेले जेवण असते.

संशोधनाची सुरुवात : धावणे आणि रक्तशर्करा यांचा संबंध १९२४ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये पहिल्यांदा नीट मोजला गेला. शर्यत संपल्यावर गळून गेलेल्या अनेक धावपटूंच्या रक्तातील साखर फार उतरलेली आढळली. पुढच्या वर्षी काहींना आधी पिष्टमय आहार आणि वाटेत गोळ्या-चॉकलेटे देऊन पाहिल्यावर त्यांची अवस्था बरीच सुधारली. साठा नेमका कुठे असतो, हे मात्र १९६० च्या दशकात स्वीडनच्या यूनास बेर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन यांनी दाखवले. या दोघांनी प्रयोग स्वतःवरच केला. एकच व्यायामाची सायकल, तिच्या दोन बाजूंना दोघे बसलेले आणि प्रत्येकाचा एकच पाय पेडलवर, असे थकेपर्यंत चालले. नंतर जाड सुईने दोन्ही मांड्यांतील स्नायूंचे तुकडे काढून तपासले. दमलेल्या पायातील ग्लायकोजेन जवळपास संपले होते आणि आराम केलेल्या पायात ते शाबूत होते. त्यानंतर तीन दिवस पिष्टमय आहार घेतल्यावर दमलेल्या पायातील साठा दुसऱ्या पायाच्या जवळपास दुप्पट झाला. हा निष्कर्ष १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. मॅरेथॉनच्या आदल्या रात्री भात किंवा पास्ता खाण्याच्या आजच्या रिवाजाची शास्त्रीय मुळे तिथे आहेत.

चरबी जळण्याचा प्रश्न : अनशापोटी व्यायामाचे आजचे आकर्षण मुख्यतः ‘चरबी जळते’ या वाक्यात आहे. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. रात्रभराच्या उपासाने रक्तातील इन्शुलिन खालच्या पातळीवर असते आणि इन्शुलिन कमी असले की चरबीच्या पेशींतून स्निग्धाम्ले मोकळी होतात. साहजिकच त्या तासाभरात चरबी अधिक वापरली जाते. न्याहारी करून व्यायाम केल्यास साखर अधिक वापरली जाते. परंतु अंगावरची चरबी दिवसभराच्या, खरे तर आठवड्याभराच्या जमाखर्चावर ठरते आणि सकाळी अधिक चरबी वापरणारे शरीर दुपारी ती कसर भरून काढू शकते. २०१४ मध्ये ब्रॅड शोनफेल्ड व सहकाऱ्यांनी २० तरुणींना आहारातील कॅलरी सारख्याच कमी करून चार आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, तासभर ट्रेडमिलवर चालवले. निम्म्या उपाशी होत्या, निम्म्या खाऊन आलेल्या. दोन्ही गटांचे वजन उतरले, पण एका गटाची चरबी दुसऱ्यापेक्षा ठळकपणे अधिक घटली असे दिसले नाही. प्रयोग लहान आणि थोड्या दिवसांचा होता, हे खरे. पण ‘उपाशी पळा, पोट सपाट करा’ या जाहिरातबाजीच्या मागे त्याहून भक्कम पुरावा कोणी मांडलेला नाही.

लाभ शोधायचाच तर तो वजनकाट्याबाहेर आहे. इंग्लंडमधील बाथ येथे सुमारे ३० स्थूल किंवा वजन जास्त असलेल्या पुरुषांवर सहा आठवडे प्रयोग झाला. न्याहारीआधी सायकल चालवणाऱ्यांनी व्यायामादरम्यान जवळपास दुप्पट चरबी वापरली. वजन दोन्ही गटांत सारखेच उतरले, मात्र उपाशी गटाच्या शरीराचा इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला. बेल्जियममधील लूव्हेन येथील प्रयोगांतही याच दिशेचे संकेत मिळाले होते. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या पण औषध न घेणाऱ्या माणसाने न्याहारीपूर्वी चालणे हा त्यामुळे वाजवी पर्याय ठरतो. जेवणानंतरची शतपावली वेगळ्या वाटेने, म्हणजे जेवणाने चढणारी साखर आटोक्यात ठेवून, उपयोगी पडते. दोहोंत वैर नाही.

लांब पल्ल्याचा व्यायाम : तासाभराची रेघ ओलांडली की चित्र पालटते. २०१८ मध्ये ४६ अभ्यास एकत्र तपासून केलेल्या विश्लेषणात दिसले की, आधी खाण्याने तासापेक्षा लांबलेल्या व्यायामात कामगिरी सुधारते. त्याहून कमी वेळेच्या व्यायामात तसा फरक पडत नाही. अशा व्यायामापूर्वी एक ते चार तास आधी, शरीराच्या दर किलो वजनामागे १ ते ४ ग्रॅम कर्बोदके घ्यावीत, अशी क्रीडा-आहाराच्या २०१६ च्या अमेरिकी-कॅनेडियन मार्गदर्शिकेची शिफारस आहे. वेळ जितका कमी, तितके प्रमाणही कमी.

२००४ मध्ये सुरू झालेली आणि आता सहसा जानेवारीत होणारी मुंबई मॅरेथॉन उजाडण्यापूर्वीच सुटते. ४२.१९५ किलोमीटर धावणारा माणूस त्यासाठी रात्री अडीच-तीनला उठून, झोपेत असल्यासारखा, केळे आणि जॅम लावलेला पाव चावत बसतो. भूक कोणालाच नसते. तरीही तो घास गिळावा लागतो, कारण रात्रभरात अर्धी झालेली यकृताची कोठी भरण्याची ती शेवटची संधी असते. अनुभवी धावपटू शर्यतीच्या दिवशी नवा पदार्थ कधीच खात नाहीत. सरावाच्या रविवारी जे पोटाला मानवले, तेच त्या दिवशीही खातात. उलट सिंहगडावर पहाटे चढणारे बहुतेक जण अनशापोटी निघतात आणि वर पिठले-भाकरी, कांदाभजी व मडक्यातले दही यांवर ताव मारतात. तासा-दीड तासाच्या चढाईला ते चालून जाते. कॅलरीचा हिशेब मात्र गड उतरण्याआधीच उलटा झालेला असतो.

काय आणि किती : निघायला अर्धा-पाऊण तास असेल, तर एक केळे, दोन-तीन खजूर किंवा राजगिऱ्याचा लाडू पुरतो. मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम कर्बोदके आणि १०० किलोकॅलरी असतात. तळलेले किंवा तुपकट पदार्थ जठरात रेंगाळतात. धावताना रक्तप्रवाह आतड्यांकडून स्नायूंकडे वळत असल्यामुळे मळमळ, आंबट ढेकर किंवा बरगडीखाली कळ येते. पोहे-उपम्याची भरलेली बशी खाल्ल्यास दीड-दोन तास थांबावे. व्यायामाच्या तोंडावर साखर घेतल्यास रक्तशर्करा उलटी घसरते, ही भीती १९७९ च्या एका प्रयोगातून पसरली. त्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज घेतलेले लोक लवकर दमले होते. पुढच्या बहुतेक प्रयोगांत कामगिरी घटल्याचे दिसले नाही. काही जणांना मात्र असा त्रास खरोखर होतो आणि त्यांनी साखर व्यायाम सुरू झाल्यावर घ्यावी.

कोमट पाण्यातील लिंबू-मधाने चरबी वितळत नाही. एक चमचा मधात सुमारे २० किलोकॅलरी असतात, म्हणजे काटेकोर अर्थाने तो उपास मोडतोही; पण त्यात अपाय काही नाही. चहा-कॉफीतील कॅफिनमुळे थकवा उशिरा जाणवतो, मात्र त्याचा पूर्ण परिणाम पाऊण-एक तासाने दिसतो आणि रिकाम्या पोटी दोन कप घेतल्यास अनेकांचे पित्त खवळते. पाण्याला पर्याय नाही. रात्रभरात श्वास, घाम आणि लघवीतून गेलेले पाणी उठल्यावर एक-दोन पेल्यांनी भरून काढावे.

पोलीस भरतीचे उदाहरण : महाराष्ट्रातील पोलीस भरतीत पुरुषांना १,६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावावे लागते. काही मिनिटांच्या या धावेला खाण्याची गरज नसते. स्नायूंतील साठा तिला अनेक पटींनी पुरतो. अडचण धावण्याआधीची असते. परगावाहून रात्रीच्या एसटीने आलेला उमेदवार स्टँडवर किंवा फलाटावर अर्धवट झोपतो, पहाटे मैदानावर हजर होतो आणि नंबर लागेपर्यंत उन्हात ताटकळतो. ‘उपाशी पळालं की अंग हलकं राहतं’ या समजुतीने पिशवीतील शेंगदाण्याचा लाडू तो उघडत नाही. अशा वेळी प्रत्यक्ष उपास आठ तासांचा न राहता चौदा-पंधरा तासांचा होतो. त्याने धावेच्या दोन तास आधी थोडे खाणे आणि अधूनमधून पाणी घोट घोट पिणे शहाणपणाचे असते.

कोणी टाळावे : गरोदर स्त्रिया आणि वाढत्या वयातील खेळाडू मुले यांनी उपाशी मेहनत करू नये. खूप धावणाऱ्या पण कमी खाणाऱ्या मुली व स्त्रियांमध्ये पाळी अनियमित होणे, हाडे ठिसूळ होणे असे परिणाम दिसतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव दिले व पुरुषांचाही त्यात समावेश केला.

मधुमेह : येथे सर्वांना लागू पडणारा सल्ला देता येत नाही. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर व्यायामाने धोकादायकरीत्या उतरणे विरळा. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी असते. नेहमीची चूक अशी की, न्याहारीपूर्वीची गोळी घेऊन माणूस फिरायला जातो आणि वाटेत कोणी भेटले की न्याहारी तासभर लांबते. गोळीचे काम सुरू झालेले असते, अन्न पोहोचलेले नसते. गोळी-इन्शुलिनची वेळ आणि फिरण्याची वेळ यांची सांगड त्यामुळे डॉक्टरांकडून एकदा नीट घालून घ्यावी. अशी औषधे घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी रक्तशर्करा ९० मिलिग्रॅमच्या खाली आढळल्यास १५ ते ३० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत, असे अमेरिकन डायबिटीज असोसिएशनची २०१६ ची मार्गदर्शिका सांगते. ७० च्या खाली साखर गेली की हात थरथरतात, छाती धडधडते, दरदरून घाम फुटतो. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. खिशात खडीसाखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवावी. चॉकलेट त्या वेळी कुचकामी ठरते, कारण त्यातील चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांत थरथर आणि धडधड ही लक्षणे दबून जाऊ शकतात. घाम मात्र येतो.