काडेपेटीच्या फोनचा दोरा ताणलेलाच का हवा?

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात काडेपेटीचा फोन हमखास असतो आणि मागच्या तक्त्यावर त्याचा दोरा नागमोडी वळवळताना काढलेला असतो. ‘आवाज दोऱ्यातून असा जातो,’ असं मुलं घोकून सांगतात. हे चित्र साफ चुकीचं आहे. मला ते खटकतं, कारण या खेळण्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट त्यामुळे झाकली जाते.

आधी फोन बनवून घ्या. काडेपेटीऐवजी चहाचे कागदी कप चालतात, उलट बरेच. बुडाच्या बरोबर मध्यावर सुईनं भोक पाडा, शिलाईचा दोरा आत ओवा आणि टोकाला अर्धी काडी बांधा, म्हणजे तो निसटत नाही. सुतळी नको, आवाज तिच्यातच जिरतो. मांजा तर मुळीच नको, बोटं आणि गळे कापतात.

आता कपात ‘ओऽ’ म्हणा. हवेचा दाब कमीजास्त होतो आणि कपाचं बूड आत-बाहेर हलतं. आत-बाहेर, म्हणजे दोऱ्याच्याच दिशेनं. दोरा आडवा हलतच नाही म्हटलं तरी चालेल. त्याचा प्रत्येक कण पुढच्याला किंचित ओढतो, किंचित सोडतो. हे अनुतरंग. सतारीच्या तारेवर असतात ते अवतरंग, त्यात तार आडवी हलते, आणि तक्त्यावर काढलेले असतात तेही तेच.

पण इथं एक अडचण आहे. दोरीनं बादली विहिरीतून ओढता येते, खाली ढकलता येत नाही. आवाजात तर ओढणं आणि ढकलणं दोन्ही असतं. मग ढकलण्याचा अर्धा भाग पलीकडे पोचतो कसा? त्यासाठीच ताण लागतो. दोरा आधीच ताणलेला असला की दोन्ही बुडं बाहेरच्या बाजूला ओढलेली असतात. इकडचं बूड बाहेर सरकलं की दोऱ्यातला ताण थोडा उतरतो, संपत नाही. तेवढी ढील मिळताच पलीकडचं बूड स्वतःच्या लवचीकपणानं आत येतं. ढकलणं म्हणजे इथं ओढ कमी होणं! ढिल्या दोऱ्यात मुळात ताणच नाही, तर कमी काय होणार?

ताण चौपट केला की अवतरंगाचा वेग दुप्पट होतो. अनुतरंगाचा वेग मात्र ताणावर फारसा अवलंबून नसतो. पदार्थाच्या यंग गुणांकाला, म्हणजे ताणायला तो किती कडक आहे या मापाला, घनतेनं भागून वर्गमूळ काढलं की तो मिळतो. तांब्याच्या बारीक तारेसाठी तो सेकंदाला सुमारे ३,७०० मीटर येतो, हवेत जेमतेम ३४०. ताणलेल्या तारेतून आवाज लांबवर जातो, अगदी वळणांवरूनही जातो, हे इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुकनं १६६५ साली ‘मायक्रोग्राफिया’ या आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलं आहे.

‘सकारात्मक स्पंदनं’ देणारे खडे आणि ताईत राजरोस विकले जातात. मुलांना या दोऱ्यावर खरं स्पंदन दाखवा. बोट हलकेच टेकवलं तर झिणझिणतं, चिमटीत दाबलं तर आवाज बंद. काय हलतं, कोणत्या दिशेनं, सेकंदाला किती वेळा, हे जिथं सांगता येत नाही तिथं स्पंदन हा शब्द वापरू नये.

कोपऱ्यावरून फोन न्यायचा असेल तर दोरा भिंतीला टेकू देऊ नका. वळणावर दुसऱ्या दोऱ्याच्या फासात अडकवून अधांतरी ठेवा. मध्येच गाठ मारून तिसरा कपही जोडता येतो. तिघांनी तीन दिशांना ताण धरला की तिघांनाही ऐकू जातं, जरा हळू. एकानं ढील दिली तर त्याचा फोन बंद पडतो, उरलेल्या दोघांनी दोरा पुन्हा ताणला की त्यांचं बोलणं चालू.