दिवाण (बैठकीचा पलंग)

दिवाण : दिवसा बैठक आणि रात्री अंथरूण अशा दुहेरी उपयोगाचा, भिंतीला लावून ठेवायचा बुटका पलंग. त्याला बहुधा पाठ नसते. असलाच तर एका बाजूला किंवा टोकांना कठडा असतो, आणि टेकण्याचे काम लोड-तक्क्यांवर सोपवलेले असते. खानदेशात (जळगाव, धुळे, नंदुरबार, ऐतिहासिक अर्थाने बऱ्हाणपूरही) तो पुढच्या खोलीत किंवा माडीवर असतो. उन्हाळ्यात धाब्यावर (घराच्या सपाट छतावर) चढवली जाते ती बाज किंवा खाट. छताला कड्यांनी टांगतात ती बंगई. दिवाण जागचा हलत नाही.

शब्दाच्या मुळाविषयी मतभेद आहेत. फार्सी ‘दीवान’चा जुना अर्थ नोंदवही, पुढे ती वही ठेवण्याचे दफ्तर, दफ्तराचा अधिकारी आणि दरबार असा अर्थविस्तार सामान्यतः मानला जातो. चौदाव्या शतकातील इतिहासकार इब्न खल्दून याने एक आख्यायिका दिली आहे : मनाशी पुटपुटत आकडेमोड करणारे कारकून पाहून इराणचा बादशहा खुस्रो त्यांना ‘दीवाने’, म्हणजे वेडे, म्हणाला. गोष्ट गमतीची आहे, पण ती लोकव्युत्पत्ती होय. प्राचीन फार्सीतील ‘दिपि’ (लेखन) या शब्दाशी ‘दीवान’चा संबंध जोडणारे मत अधिक सयुक्तिक वाटते. ‘दिपि’चा माग एलामी आणि अक्कादी भाषांतून सुमेरी ‘दुब’ (मातीची लेखपाटी) इथवर लावला जातो. अशोकाच्या शाहबाजगढी (आज पाकिस्तानात) येथील लेखात इतर बहुतेक ठिकाणी येणाऱ्या ‘लिपि’च्या जागी ‘दिपि’ आहे. हे सर्व ग्राह्य धरले, तर मराठीतील ‘लिपी’ आणि ‘दिवाण’ एकाच दूरच्या कुळातले ठरतात.

दफ्तराचा पलंग कसा झाला, याचे उत्तर उस्मानी तुर्कांच्या सभागृहात शोधतात. तेथे भिंतीलगत सलग गाद्यांची बैठक असे आणि सभेचेच नाव त्या बैठकीला मिळाले. युरोपात हा फर्निचरवाचक अर्थ अठराव्या शतकाच्या सुमारास रुळला. मराठीत तो थेट फार्सी-उर्दूतून आला की इंग्रजीतून परतून आला, यावर दोन मते संभवतात. दुसरे अधिक संभाव्य दिसते. मोगल काळात खानदेश सुभ्याचा दिवाण म्हणजे महसुलाचा अधिकारी. वाड्यातल्या ‘दिवाणखान्या’तही या नावाचा पलंग नसे, जमिनीवर गाद्या-लोडांची बैठक असे. त्याउलट ‘पलंग’ (संस्कृत पर्यंक) आणि ‘खाट’ (खट्वा) हे शब्द पूर्वापार आहेत. ‘खट्वा’ मात्र द्राविडी मुळाचा असावा, असे काही भाषाशास्त्रज्ञ मानतात.

पाश्चात्त्य परंपरेत रेकामिये हा उंच टोकांचा प्रकार फ्रेंच चित्रकार दाव्हीदच्या १८०० मधील मादाम रेकामियेच्या व्यक्तिचित्रावरून ओळखला जातो. वास्तुशिल्पी मिस व्हान डर रोहच्या १९३० मधील, एका टोकाला चामडी लोड असलेल्या दिवाणाला ‘बार्सिलोना’ म्हणतात. १९२९ च्या बार्सिलोना प्रदर्शनात मात्र तो नव्हता. त्याच्या नकला आता सर्वत्र मिळतात.

जुना दिवाण घेताना ‘अँटिक’ आणि ‘व्हिंटेज’ या दुकानी शब्दांवर विसंबू नये. १९७२ चा पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम कलाकुसरीच्या वस्तूला पुरावशेष ठरण्यासाठी किमान १०० वर्षांची अट घालतो; अशी वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी नेता येत नाही. ‘व्हिंटेज’ला अशी कायदेशीर मर्यादा नाही, त्यामुळे आजोबांच्या लग्नातला दिवाणही त्यात बसतो. वय वाचायचे ते खालून. वरचा भाग पॉलिश होऊन होऊन बदललेला असतो, तळाकडे सहसा कोणी पाहत नाही. दिवाण आडवा करावा. फळ्यांच्या खालच्या अंगाला वाकसाचे (लाकूड तासायच्या हत्याराचे) टवके किंवा हातरंध्याच्या उथळ लाटा दिसल्या, तर काम हाताचे. कमानीसारखे समांतर ओरखडे असले, तर लाकूड गोल यांत्रिक करवतीवर चिरलेले. टोकदार स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरचे. डोक्यावर अधिकचिन्ह असलेला स्क्रू १९३० च्या दशकाआधी निघत नाही. तो दिसला, तर दिवाण तरी अलीकडचा किंवा दुरुस्ती तरी. पायांची बुडे वेगळी पाहावीत. शेणाने सारवलेल्या जमिनीवर ती ओल खातात, मग सुतार तेवढा भाग कापून टाकतो. अठरा इंचांची बैठक अशाने पंधरावर येते आणि म्हाताऱ्या माणसाला उठताना हात द्यावा लागतो.

लाकडात पहिली पसंती सागाला. सातपुड्यात आणि नंदुरबारला लागून असलेल्या डांगात तो वाढतो. त्याच्या गाभ्यातील तेलकट द्रव्यांमुळे वाळवी त्याला सहसा शिवत नाही. बाहेरचा फिकट भाग मात्र साग असूनही कीड खातो, म्हणून ‘सागवानी’ एवढ्या शब्दाला अर्थ नाही. आंब्याच्या लाकडाला गडद रंग देऊन ते साग म्हणून खपवतात. तळाशी नखभर खरवडले, की सागाला चामड्यासारखा वास येतो. कातीव पायांवर लाल-सोनेरी नक्षी दिसली, तर दिवाण गुजरातेतील संखेड्याचा असू शकतो. तेथील सोनेरी रंगात सोने नसते. कथलाच्या रंगावर लाखेचा थर चढवला, की ती झाक येते.

हवामानाचा विचार खानदेशात टाळता येत नाही. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, पाठोपाठ पावसाळी दमट हवा येते. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसते आणि फुगते. जुन्या कारागिराने फळी चौकटीच्या खाचेत सैल बसवलेली असते, ती आपल्यापुरती हलते. नीट न वाळवलेल्या लाकडाच्या, सगळीकडून खिळवलेल्या नव्या दिवाणाचे सांधे पहिल्याच उन्हाळ्यात उघडतात. गादीलाही हाच न्याय. फोम उष्णता धरून ठेवतो. कापसाची गादी दबते खरी, पण पिंजाऱ्याकडून पिंजून पुन्हा भरता येते. प्रस्तुत लेखकाचा कौल कापसाला आहे.

आजचा दिवाण बहुतांशी प्लायवूडच्या पेटीचा, साधारण ६ × ३ फुटांचा, पोटात गोधड्या-रजया ठेवण्याच्या सोयीचा असतो. प्लायवर आयएस ३०३ या भारतीय मानकाचा (ओलीची शक्यता असल्यास आयएस ७१० चा) शिक्का पाहावा. लोखंडी नळ्यांचे प्रकारही मिळतात. जुन्या दिवाणाचे कुसू (सांध्यात बसणारी लाकडी टोके) आणि पाचरी काढल्या, की पाय, पट्ट्या आणि फळ्या सुट्या होऊन अरुंद जिन्याने माडीवर जातात. पेटीचा दिवाण सहसा अखंड येतो, तेव्हा विसार देण्याआधी जिन्याचे वळण मोजलेले असावे.